मनूची सर्दी, मनूचं पोट आणि अठराशे रुपयांचा डबा

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देते.

"डॉक्टर, माझी मुलगी मनू (नाव बदललं आहे) तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. जूनपासून प्लेग्रुपला जाते. तेव्हापासून या सात महिन्यांत सात वेळा सर्दी-खोकला झाला, त्यात चार वेळा अँटिबायोटिक झालं. एरवी खेळते, खाते, वजन १३ किलो आहे. तिचा जन्म सिझेरियनने झाला. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात म्हटलं होतं की सिझेरियनच्या मुलांना आईकडून चांगले जंतू मिळत नाहीत, अँटिबायोटिकने उरलेसुरलेही मरतात, म्हणून अशा मुलांची छाती सारखी भरते. त्यांनीच सांगितलेली प्रोबायोटिक (म्हणजे चांगल्या जंतूंची) पावडर सुरू केली आहे. महिन्याला १,८०० रुपये पडतात. शी तपासून पोटातल्या जंतूंचा रिपोर्टही ते देतात, त्याचे पैसे वेगळे. सासूबाईंनी कफ होतो म्हणून मनूचं दही आणि केळं बंद केलं आहे आणि व्हिडिओ म्हणतो की दही द्या. घरात धाकटा चार महिन्यांचा आहे, हल्ली त्याचंही नाक वाहतं. हे सगळं माझ्या सिझेरियनमुळे झालं का? पावडर किती दिवस द्यायची?"

ताई, शेवटून दुसरा प्रश्न आधी घेते. नाही, हे तुमच्या सिझेरियनमुळे झालेलं नाही. पत्रातलं ते वाक्य तुम्ही किती वेळा खोडून पुन्हा लिहिलं असेल याचा मला अंदाज आहे. माझ्या खोलीत समोरच्या खुर्चीवर बसून हाच प्रश्न विचारणाऱ्या आया महिन्याला चार-पाच तरी असतात, आणि विचारताना त्या मुलाकडे बघत नाहीत, पर्सच्या चेनकडे बघतात.

व्हिडिओवाल्यांनी सगळंच हवेतून काढलंय असं मात्र नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त इथे १२० निरोगी बाळांचा जन्मापासून वर्षभर अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातली ४६ बाळं सिझेरियनची होती. या बाळांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियम नावाचे जंतू, म्हणजे दूधपित्या बाळाच्या पोटातले घरचे मेंबर, जरा उशिरा स्थिरावले. तोवर क्लेब्सिएला, एंटरोकॉकस अशी मंडळी जागा अडवून होती. आणि पहिल्या आठवड्यात पोटात कोण होतं याचा पुढच्या वर्षभरात किती वेळा सर्दी-खोकला झाला याच्याशी मेळ लागला. आता यात दोन गोष्टी बघा. मेळ लागला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. आणि हे सगळं तान्ह्या बाळांचं आहे. मनू ३८ महिन्यांची आहे. फिनलंड, स्वीडन, जर्मनी आणि अमेरिका इथल्या ९०३ मुलांची शी महिनोन्महिने तपासणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात दिसलं की पोटातल्या जंतूंची वस्ती साधारण १४ महिन्यांपर्यंत घडत असते, मग बदलत असते आणि ३१ महिन्यांच्या पुढे बरीचशी स्थिर होते. त्या वस्तीवर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा दिसला असेल? आईच्या दुधाचा. म्हणजे जन्म कुठल्या वाटेने झाला याचा हिशोब मनूच्या पोटाने केव्हाच मिटवला आहे. तुम्हीही मिटवून टाका.

मग पोट आणि छातीचा संबंध खोटा का? तर तसंही नाही, आणि इथेच गंमत आहे.

आपण जो कोंडा, सालं, शेंगांची टरफलासारखी आवरणं खातो, ती आपल्याला पचत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जंतू ती आंबवतात, आपलं इडलीचं पीठ आंबतं तशीच. त्यातून ब्युटिरेट, अ‍ॅसिटेट अशी छोटी आम्लं तयार होतात. आतड्याचं अस्तर त्यातली बरीचशी स्वतःच वापरतं, थोडी रक्तात उतरतात आणि शरीराच्या संरक्षक पेशींना किती भडकायचं, कुठे थांबायचं याचे इशारे देतात. शिवाय आतड्याच्या भिंतीत या पेशींच्या शाळाच असतात म्हणा. तिथे तयार झालेल्या पेशींपैकी काही रक्तातून फिरत नाक-घशाच्या आणि श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरापर्यंत जाऊन तिथे कामाला लागतात. पोटात शिकलेली पोरं नाकात नोकरीला! २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात उंदरांना पाण्यातून अँटिबायोटिक देऊन त्यांच्या पोटातले जंतू कमी केले आणि मग फ्लूचा विषाणू दिला, तर त्यांचं शरीर फ्लूशी नीट लढलं नाही. फ्लू फुप्फुसात आणि गडबड पोटात. तेव्हा संबंध आहे, चांगला घट्ट आहे.

पण उंदराच्या पोटातून नाशिकच्या मेडिकल दुकानापर्यंत यायला मध्ये फार मोठा घाट आहे. व्हिडिओ तो एका उडीत पार करतो.

आपल्याकडचंच उदाहरण देते, कारण बहुतेक या पावडरींच्या जाहिराती त्याच्याच जिवावर चालतात. ओडिशातल्या खेड्यांमध्ये ४,५५६ नवजात बाळांवर एक प्रयोग झाला. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. बाळांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हे जंतू आणि त्यांचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर, असं मिश्रण दिलं. बाकीच्या बाळांना नुसतीच बिनजंतूंची पावडर दिली. पुढच्या दोन महिन्यांत ज्यांना जंतू मिळाले नव्हते त्यांच्यात रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्के होतं. ज्यांना मिळाले त्यांच्यात ५.४ टक्के. छातीचे संसर्गही सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हा निकाल वाचून आम्ही डॉक्टर लोक खुर्चीत सरसावून बसलो होतो. पण नीट वाचा, ती बाळं आईचं दूध पिणारी होती, काही दिवसांची होती, खेड्यातली होती, जिथे रक्तातला जंतुसंसर्ग हा खरा शत्रू आहे. मनूचा शत्रू कोण, तर प्लेग्रुपमधल्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाचं वाहतं नाक.

आणि जंतूंचं नाव एकच असलं म्हणून काम एकच होत नाही. ज्वारी म्हटली की मालदांडीही ज्वारी आणि हायब्रिडही ज्वारी. भाकरी थापायला बसलेल्या बाईला विचारा दोन्ही एकच का म्हणून. जंतूंचंही तसंच असतं. ओडिशात वापरलेला वाण एक, तुमच्या डब्यातला दुसराच. डब्यावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल, पुढे वाणाचा नंबर नसेल, तर आत काय आहे हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही.

मनूच्या वयाच्या, शाळेत जाणाऱ्या मुलांवरचे प्रयोग हवेत ना? तेही आहेत. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या १८ पाळणाघरांमधल्या ५७१ मुलांना सात महिने, ऐन हिवाळ्यात, रोज विशिष्ट जंतू घातलेलं दूध दिलं आणि बाकीच्यांना साधं. आजारपणामुळे पाळणाघर चुकलं ते साध्या दुधाच्या मुलांचं सरासरी ५.८ दिवस आणि जंतूंच्या दुधाच्या मुलांचं ४.९ दिवस. म्हणजे सात महिन्यांत रोज पाजून वाचला एक दिवस, तोही पुरता नाही. हा झाला २००१ चा अभ्यास. पुढे २०१७ मध्ये डेन्मार्कमध्ये पाळणाघरात पहिल्यांदाच जाणाऱ्या २९० बाळांना हेच जंतू आणखी एका जातीच्या जोडीने दिले. दोन्ही गटांची सुट्टी सारखीच, ११ दिवस. सगळे असे प्रयोग एकत्र मांडून कोक्रेन या, वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की प्रोबायोटिकने सर्दी-खोकल्याचे फेरे थोडे कमी होत असावेत, एकेक आजारपण सरासरी सव्वा दिवसाने आटपत असावं, पण हा पुरावा फार भरवशाचा नाही. मी याला 'काहीच नाही' म्हणणार नाही. पण महिन्याला १,८०० रुपये म्हणजे वर्षाचे २१,६०० होतात. तुमचं घर कशावर चालतं मला माहीत नाही, तरी एवढ्या पैशात घरात आणखी काय काय येतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता मनूच्या सात सर्द्या. तुम्हाला सात म्हणजे डोक्यावरून पाणी वाटतंय. लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे पुस्तकी प्रमाण आहे, आणि शाळा-पाळणाघराच्या पहिल्या वर्षी दहा-बारापर्यंत जातं. सर्दीचे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. एकाशी ओळख झाली की दुसरा हजर. त्यात खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणजे पहिला संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि आईला वाटतं की जूनपासून एकच चाललाय. अमेरिकेत टक्सन इथे मुलांना जन्मापासून तेराव्या वर्षापर्यंत बघितलं गेलं. पाळणाघरातली मुलं दुसऱ्या वर्षी घरी वाढलेल्यांपेक्षा जास्त वेळा सर्दीने आजारी, पण शाळेत जायच्या वयात तीच कमी आजारी. सर्द्यांचा कोटा लवकर संपवतात, एवढंच.

मला सातपेक्षा चार हा आकडा खुपतो. चार अँटिबायोटिक.

मी मनूला तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. एखाद्या वेळी कान दुखत असेल, छातीत खरंच न्यूमोनिया असेल, तेव्हा अँटिबायोटिक द्यायलाच हवं, आणि दिल्यावर सांगितलेले दिवस पूर्ण करायलाच हवं. पण साध्या सर्दीच्या विषाणूवर ते चालत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून ते लागतं असंही नाही, सर्दी उतरायला लागली की शेंबूड तसाच होतो. आणि इथे तुमच्या व्हिडिओचं एक म्हणणं मी बिनशर्त मान्य करते. फिनलंडमधल्या दोन ते सात वर्षांच्या १४२ मुलांच्या अभ्यासात मॅक्रोलाइड प्रकारच्या अँटिबायोटिकनंतर (अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यातलंच) पोटातल्या जंतूंची घडी वर्ष उलटलं तरी पूर्ण बसलेली नव्हती. पोट सांभाळायचं तर त्यात काय घालायचं यापेक्षा काय उगाच घालायचं नाही, हे आधी येतं. हा सल्ला विकायला डबा नसतो, म्हणून त्याचा व्हिडिओ कुणी करत नाही.

एक खासगी प्रश्न विचारते, रागवू नका. तुमच्या फ्रिजच्या दारात, सॉसच्या बाटलीशेजारी, पावडरीत उकळून गार केलेलं पाणी रेषेपर्यंत घालून हलवायची ती अँटिबायोटिकची अर्धी बाटली आहे का? दहातल्या सात घरांत असते, हा काही अभ्यास नव्हे, माझा आपला अंदाज. पुढच्या सर्दीला 'मागच्या वेळी याने बरं वाटलं होतं' म्हणून त्यातलं चमचाभर दिलं जातं. पाणी घातल्यावर ते औषध आठवडाभरच धड राहतं. आजच टाकून द्या.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की एवढंच विचारा, "हे व्हायरल वाटतंय का? दोन दिवस वाट बघून चालेल का, आणि काय झालं तर लगेच येऊ?" बरेचदा आम्ही अँटिबायोटिक लिहितो ते पालकांना तेच हवंय असं गृहीत धरून. आई स्वतःच थांबायला तयार आहे म्हटल्यावर आमचंही पेन थांबतं. आमच्या व्यवसायातली ही गोष्ट बाहेर सांगायची नसते, पण सांगितली.

खोकल्याच्या औषधाचंही आत्ताच बोलून टाकते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली. त्यातल्या कितीतरी मुलांना उपचाराला नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. मनूला झोपताना अर्धा चमचा मध द्या, नाकात सलाइनचे थेंब घाला. मध मात्र वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. त्यातून बोटुलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो.

आता घरातला वाद. सासूबाईंशी भांडू नका, त्या अर्ध्या बरोबर आहेत. रात्री दही खाऊ नये हे आयुर्वेदात सांगितलेलं आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं आहे. मीही माझ्या आईच्या घरी रात्री दही मागितलं तर आजही ओरडा खाते. पण दह्याने किंवा केळ्याने सर्दी होते याला काही आधार नाही. सर्दी विषाणूने होते. तेव्हा मनूला दुपारच्या जेवणात, घरी विरजलेलं, फ्रिजमधून काढून जरा वेळ बाहेर ठेवलेलं वाटीभर दही द्या. रात्री नको. दोघींचं राहतं.

घरच्या दह्याला मी प्रोबायोटिक औषध म्हणणार नाही, बरं का. विरजणात कुठले जंतू, किती, हे रोज बदलतं. कढी केलीत तर उकळताना ते मरूनही जातात. तरीही दही द्यायचंच, कारण ते चांगलं अन्न आहे आणि मनूला आवडतं. खरं काम करतो तो पोटातल्या जंतूंचा खुराक, आणि तो नाशिकात पैशाला पासरी आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची नाहीतर मुगाची उसळ, सालासकट पेरू, गाजर, केळं, फोडणीतला लसूण-कांदा, नाचणीची आंबील. मूल एका दिवसात हे सगळं खात नाही, माहीत आहे मला. माझ्या मुलाने दीड वर्ष भाजीतला फक्त बटाटा खाल्ला. आठवड्यात सात-आठ वेगवेगळ्या वनस्पती पोटात गेल्या तरी चाललं. आता द्राक्षांचा हंगाम आहे, तुमच्याकडे तर घरोघरी पेट्या येतील. द्राक्षं उभी चिरूनच द्या, अख्खं द्राक्ष आणि शेंगदाणा या वयात श्वासनलिकेत अडकतो. असं काही अडकून राहिलं आणि कुणाला कळलं नाही, तर त्यानेही खोकला महिनोन्महिने हटत नाही.

शी तपासायचा रिपोर्ट करू नका. रंगीत आलेख येतील, तुमच्या मुलीच्या पोटात अमुक जंतू कमी आहेत असं लाल अक्षरात छापलेलं असेल, आणि खाली त्याच कंपनीची पावडर सुचवलेली असेल. पोटातल्या जंतूंचं निरोगी प्रमाण किती, याची डॉक्टरांनी मान्य केलेली अशी पट्टी अजून नाही. दोन दिवसांनी, दुसरं जेवण जेवून तपासलं तर आकडे बदलतात.

त्याऐवजी फुकटातली एक तपासणी सांगते. भिंतीवर कालनिर्णय असेलच. ज्या चौकटींत दुधाचे लिटर लिहिता, त्याच चौकटींत मनूचंही लिहा. नाक वाहिलं की 'स', ताप आला की 'ता', रात्री खोकून जाग आली की 'खो', अँटिबायोटिक सुरू तेव्हा 'अँ'. तीन महिने लिहा. मग पान उलटून बघा. 'स'च्या झुंडी आहेत आणि मध्ये आठ-दहा दिवस चौकटी कोऱ्या आहेत, तर ती शाळेची सर्दी. 'स' नाही, 'ता' नाही, नुसतेच रात्रीचे 'खो' ओळीने आहेत, किंवा प्रत्येक सर्दीनंतर छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, तर ते कदाचित ॲलर्जी किंवा बाळदम्याकडे जाणारं असेल. त्याचा उपाय वेगळा असतो आणि अँटिबायोटिक तर मुळीच नसतो. खोकला चार आठवड्यांवर गेला, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, वजन वाढायचं थांबलं, कान सारखे वाहू लागले, घरात कुणाला टीबी झाला असेल, तर तीन महिने थांबू नका, तेव्हाच दाखवा. पत्रावरून तरी मनू यातल्या कशात बसत नाही. तेरा किलो वजनाची, खेळणारी मुलगी.

तुम्ही पत्रात धाकट्याला एका वाक्यात उरकलंत. मला काळजी त्याची जास्त आहे.

कारण हा जो पोट-छातीचा सगळा खेळ आहे, तो आत्ता त्याच्या पोटात चालू आहे, मनूच्या नाही. आणि मनूच्या प्रत्येक सर्दीचा पुढचा मुक्काम आता त्याचं नाक आहे. चार महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की मोठ्या बहिणीचा साधा शेंबूड त्याची छाती घुरघुरायला लावतो.

तुम्ही त्याला अंगावर पाजत असाल असं धरते. आईच्या दुधात एक नवलाची गोष्ट असते. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या पाठोपाठ सगळ्यात जास्त असतात त्या जवळजवळ दोनशे प्रकारच्या साखरा, आणि त्या बाळाला पचतच नाहीत. मग दुधात कशाला? बायफिडोबॅक्टेरियमसाठी. आई एकाच वेळी दोघांना जेवू घालते, बाळाला आणि त्याच्या पोटातल्या पाहुण्यांना. बाजारात असलं मिश्रण बनवायला कंपन्या करोडो खर्च करतात. आईच्या दुधाने लहान बाळांच्या श्वसनाच्या संसर्गांपैकी सुमारे एक तृतीयांश टळू शकतात, असा २०१६ मध्ये मांडलेला जगभरचा हिशोब आहे. हेलसिंकीच्या एका दिवसाशेजारी हा आकडा ठेवून बघा. तेव्हा सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त दूध. पाणी नको, आणि बाळगुटीही नको. सहाणेवर उगाळलेलं हळकुंड, वेखंड, मुरडशेंग कितीही प्रेमाने दिलेलं असलं तरी सहाण, बोट, वाटी यांतून नको ते जंतू जातात. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. लसीच्या दिवशी आशा ताईंना किंवा डॉक्टरांना त्यांच्यासमोर सांगायला लावा. सुनेचं ऐकण्यापेक्षा ते सोपं जातं.

धुरीचंही तसंच. आंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून बाळाला धुरावर धरतात, त्या वासाने मला माझं माहेर आठवतं. पण धूर तो धूरच. निखाऱ्याचा असो, डासांच्या कॉइलचा असो, नाहीतर बाल्कनीत ओढलेल्या सिगारेटचा. छातीचे आजार वाढवणाऱ्या गोष्टींत तो फार वरच्या नंबरला आहे. बाळाला कोरड्या पंच्यात गुंडाळा, मच्छरदाणी लावा.

लसीचं कार्ड काढून बघा. न्यूमोकोकल लस, कार्डावर पीसीव्ही लिहिलेलं असतं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. चार महिन्यांच्या बाळाचे पहिले दोन डोस झालेले असायला हवेत. राहिला असेल तर या आठवड्यातच जा. सहा महिन्यांनंतर फ्लूची लसही घेता येते, ती विकतची आहे, पण दोन्ही मुलांना दिलीत तरी पावडरीच्या वर्षभराच्या पैशांत सहज बसेल. शिवाय मनू शाळेतून आली की आधी हातपाय धुणं, साबणाने, आणि मगच बाळाचा पापा. तोही पायाचा, गालाचा नाही. मुली ऐकतात, 'ताई' आहेस तू म्हटलं की.

आणि एक गोष्ट आजच शिकून ठेवा. बाळ शांत झोपलं असताना झबलं वर करा. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळं मध्येच श्वास रेंगाळवतात. दोन महिने ते वर्षापर्यंत मिनिटाला पन्नास किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. मनूच्या वयाला चाळीस. बाळ बरं असताना दोन-तीनदा मोजलंत की आजारी असताना हात थरथरत नाही. श्वास जलद झाला, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, दूध ओढेना, ओठ निळसर दिसले, किंवा बाळ मलूल झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात. कुणाला विचारत बसू नका, मलाही नको.

राहिली पावडर. मनू एरवी निरोगी आहे, तेव्हा दिलीत त्याने तिचं नुकसान झालेलं नाही. आता बंद करायला हरकत नाही, हळूहळू सोडावी लागत नाही. पुढे कधी मनूला खरंच अँटिबायोटिक लागलं, तर तेवढ्या दिवसांपुरतं प्रोबायोटिक घ्यावं का ते डॉक्टरांना जरूर विचारा. कारण तिथे पुरावा बरा आहे. अँटिबायोटिकने मुलांना जुलाब लागतात, त्याचं प्रमाण प्रोबायोटिकने १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आल्याचं अनेक प्रयोग एकत्र करून दिसलंय. धाकट्याला मात्र त्या डब्यातलं चिमूटभरही देऊ नका. ओडिशातल्या बाळांना तोलूनमापून, शुद्धता तपासलेलं मिश्रण दिलं होतं, मोबाईलवर मागवलेलं नाही.

न फोडलेला डबा परत घेत असतील तर पाठवून द्या. फोडलेला रिकामा झाला की धुऊन, वाळवून त्यात नाचणीचं सत्त्व भरून ठेवा. त्या डब्यांची झाकणं फार घट्ट असतात, मुंग्या जात नाहीत. धाकट्याला सहा महिने पुरे झाले की लागणारच आहे.